होई-मुई मावशीचं जन्मठिकाण

माझी मावशी शेक होई-मुई हिने आयुष्यभर एकच धंदा केला. हाँगकाँगजवळच्या चेउंग चाऊ बेटाच्या बंदरात ती होडी चालवायची. मोठे मच्छीमार पडाव बंदराच्या मध्यावर नांगर टाकून उभे असत. त्यांच्यावरची माणसं, तांदळाची पोती, गॅसच्या टाक्या, शाळेत जाणारी पोरं, सगळं धक्क्यापर्यंत आणायचं आणि परत न्यायचं काम तिच्यासारख्या बायकांकडे होतं. पुढे होडीला मोटार बसली, तरी वल्ही तिने काढून टाकली नाहीत. मोटार बंद पडली की हसं होतं, वल्हं बंद पडत नाही, असं ती म्हणायची.

अंगाने ठेंगणी, खांदे मात्र पुरुषासारखे रुंद. आवाज असा, की बंदराच्या या टोकाहून त्या टोकाला बोलायला तिला कधी टेलिफोन लागला नाही. आम्ही पाण्यावरचे लोक. जमिनीवरचे लोक आम्हाला जरा खालचेच समजत, आणि मावशी त्याची भरपाई तिसऱ्याच माणसांवर करायची. चीनमधून सरहद्द ओलांडून आलेल्या लोकांना ती 'पलीकडचे' म्हणायची. ही सगळी मंडळी येऊन येऊन बेट बुडवणार, असं तिचं ठाम मत होतं.

धक्क्यावर लाऊ वहिनी भाजी विकायची. ती बासष्ट साली डोंगरातून चालत आलेली. मावशी रोज तिच्याकडूनच भाजी घ्यायची आणि रोज तिला टोचायची.

"पलीकडे मुळा असाच वाकडा होतो का गं?"

"वाकडा असला तरी शिजतो," लाऊ वहिनी म्हणायची. "तुझं तोंड बंद व्हायला लागतो तेवढा वेळ त्याला लागत नाही."

"मी या बंदराच्या पाण्यात जन्मलेय. मी बोलणारच."

मावशीला एकच मुलगी, वाई-क्वान. नवरा फुप्फुसाच्या आजाराने लवकर गेला. वाई-क्वान माझ्याच शाळेत शिकली. मी बेटावरच्या शाळेत शिक्षिका होते. मुलगी हुशार होती. शहरातल्या एका हॉटेलात कामाला लागली, तिथे ताई-पो गावाकडच्या एका मुलाशी ओळख झाली. त्याच्या काकांचं मँचेस्टरला चिनी जेवणाचं दुकान होतं. ब्याण्णव साली दोघांनी तिकडेच लग्न करायचं ठरवलं.

मावशीने लग्नासाठी जांभळा रेशमी सदरा शिवून घेतला आणि व्हिसाच्या ऑफिसात गेली. सोबत मी होते. तिच्याकडे पासपोर्ट नव्हता. हाँगकाँगमध्ये जन्मल्याचा कागद असेल त्यालाच ब्रिटिश पासपोर्ट मिळायचा. मावशीचा जन्म गलबतावरचा, नोंद कुठेच नाही. अशा लोकांना सरकार प्रवासाचं एक वेगळं पुस्तक द्यायचं, ज्यावर कुठल्याच देशाचं नागरिकत्व लिहिलेलं नसे. ते घेऊन जगात कुठेही जायचं तर आधी व्हिसा मागावा लागे.

खिडकीमागच्या माणसाने विचारलं, "जन्म कुठला?"

"गलबतावर," मावशी म्हणाली.

"कुठल्या देशात?"

"गलबतावर म्हटलं ना."

त्याने बाकीचे प्रश्न विचारले. नवरा नाही, घर नाही, जमीन नाही, मालमत्ता म्हणजे एक होडी, आणि एकुलती एक मुलगी इंग्लंडात. अशी बाई तिकडे गेल्यावर परत येईल याची खात्री पटत नाही, असं उत्तर आलं. व्हिसा नाकारला. लग्न झालं त्या दिवशी मावशी नेहमीसारखी होडीवर होती. मी संध्याकाळी गेले तेव्हा ती तोच जांभळा सदरा घालून डेकावर मासे साफ करत होती.

"घाण होईल की गं," मी म्हटलं.

"होऊ दे. आता काय करायचाय?"

त्या दिवसांत सगळ्या बेटावर एकच विषय होता. पंच्याऐंशी सालीच लंडनच्या संसदेने कायदा करून टाकला होता की एक जुलै सत्त्याण्णवपासून हाँगकाँगवर राणीची सत्ता राहणार नाही. त्याच कायद्यात नागरिकत्वाचीही वाट लावलेली होती. हाँगकाँगशी नातं आहे म्हणून जे ब्रिटिश प्रजाजन होते, त्यांचं ते प्रजाजनपण त्या दिवशी संपणार. ज्यांना काहीतरी हातात ठेवायचं आहे त्यांनी त्याआधी अर्ज करून नवा दर्जा घ्यावा. त्याचा पासपोर्ट मिळेल, व्हिसा न काढता इंग्लंडला भेटीला जाता येईल, पण तिथे राहता येणार नाही. आमचे मुख्याध्यापक म्हणायचे, "ओसरीपर्यंत या म्हणतात, घरात येऊ नका."

मावशीला ओसरी पुरेशी होती. अडचण एवढीच, की हा नवा दर्जा घ्यायला आधी जुना हवा. आणि जुना मिळवायला हाँगकाँगमध्ये जन्मल्याचा पुरावा हवा.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात वाई-क्वानला दिवस गेले. मावशीने मला शाळेत येऊन गाठलं. "लान, जन्माची उशिरा नोंद करता येते म्हणे. कुणीतरी वयाने मोठं, ज्याने जन्म पाहिलाय, त्याने शपथेवर सांगायचं. खरं का?"

"खरं आहे."

"मग झालं तर. तुझी आई आहे ना."

माझी आई, शेक काम-हेई, मावशीपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिची गंमत अशी, की तिचा जन्मदाखला होता. तिचा जन्मही गलबतावरच, पण ते तेव्हा धक्क्याला लागलेलं होतं, आणि आजोबा त्या दिवशी परवान्याच्या कामासाठी पोलीस चौकीत गेले होते. तिथल्या हवालदाराने मूल झालं का म्हणून विचारलं आणि नोंद करून टाकली. त्या योगायोगाने आई ब्रिटिश प्रजाजन होती. तिने त्याचा आयुष्यात कधी काही उपयोग केला नव्हता. वडील गेल्यापासून ती घराच्या मागच्या अंगणात जवळा आंबवायची आणि मासळी सुकवायची. शहरात सुद्धा वर्षातून दोनदा जायची, तेही दात दुखला तर.

आम्ही गेलो तेव्हा आई परातीतला जवळा मिठात कालवत होती. मावशी समोर उकिडवी बसली आणि तिने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "सोमवारी चल. एक सही करायची. मी जेवायला घालीन."

आईने हात थांबवला नाही. "कसली सही?"

"की माझा जन्म इथे झाला. बंदरात."

"इथे नाही झाला."

"म्हणजे?"

"लाप-साप-मेईला झाला."

लाप-साप-मेई म्हणजे लांताऊ या मोठ्या बेटाच्या नैर्ऋत्येला, हाँगकाँगची हद्द संपते त्याच्या पलीकडे थोड्याच अंतरावर असलेलं बेट. नावाचा अर्थ कचऱ्याचं शेपूट. पुढे चिनी सरकारने त्याचं नाव बदलून क्वाई-शान केलं, पण आमच्या लोकांच्या तोंडी जुनंच राहिलं.

मावशी हसली. "थट्टा करू नकोस ताई. आईने मला सांगितलंय, तिन हौ देवीच्या देवळासमोरच्या पाण्यात."

"देऊळ लाप-साप-मेईलापण आहे."

"पण ती म्हणाली चेउंग चाऊ."

"म्हणाली असेल. पोरं तुला कचरा म्हणून चिडवतील म्हणून म्हणाली. मी तिथे होते. कंदील मी धरला होता."

मावशीचं तोंड पाहण्यासारखं झालं. अठ्ठावन्नाव्या वर्षात पदार्पण केलेल्या बाईला कुणीतरी सांगावं की तू ज्यांना पलीकडचे म्हणतेस त्यांच्यातलीच आहेस.  ती सावकाश म्हणाली, "बरं, असेल. पण ते तुला नि मला ठाऊक. ऑफिसातल्या माणसाला काय कळणार? हद्दीपासून चार मैलांचा तर फरक आहे."

"शपथेवर नाही सांगणार."

"ताई, पोरीचं बाळंतपण आहे."

"मला कळतं."

"एक शब्द बदलायचा. पोलिसाला माशाच्या वजनाबद्दल किती वेळा खोटं सांगितलंस?"

"ते मासे होते," आई म्हणाली.

मावशी उठली. "तुझ्याकडे कागद आहे, तुला तो नको. मला हवाय, तर तुझी जीभ जड झाली. नऊ वर्षांची होतीस. तुला काय आठवतंय कंदील नि फिंदील!" आणि जाता जाता परातीला पाय लागून थोडा जवळा सांडला, तो तिने उचलला नाही.

मी आईला त्या दिवशी समजावून पाहिलं. आई म्हणाली, "तू यात पडू नकोस." तेवढंच.

त्यानंतर मावशीने आमच्याकडे येणं बंद केलं. आमच्या घराजवळच्या पायऱ्यांशी होडी लावायची ती जरा पुढे नेऊन लावू लागली. लाऊ वहिनीकडून भाजी घेणंही सोडलं. वहिनी मला म्हणाली, "तुझ्या मावशीला झालंय तरी काय? माझा मुळा वाकडा म्हणायलासुद्धा येत नाही. करमत नाही गं." मी काही सांगितलं नाही, पण बेट लहान आहे. कुठून तरी तिच्यापर्यंत बातमी गेलीच.

जानेवारीत वाई-क्वानला मुलगी झाली. मावशीने फोटो होडीच्या छताला आतून चिकटवला. मार्च आला. एके दिवशी लाऊ वहिनी गाळा बंद करून सरळ धक्क्याच्या टोकाला गेली आणि मावशीच्या होडीत उतरून बसली.

"कुठे सोडू?" मावशीने तिच्याकडे न बघता विचारलं.

"कुठे नको. तुझ्याशी बोलायचंय. इथे न जन्मलेल्यांनाही ब्रिटिश होता येतं. अर्ज करायचा. इतकी वर्षं राहिलो, वागणूक चांगली आहे, चिनी बोलता येतं, बस. पण या महिनाअखेरपर्यंतच. नंतर दार बंद. मी शनिवारी चाललेय. माझ्याबरोबर चल."

"तुला कशाला हवंय?"

"माझा धाकटा हवं म्हणतो. शेवटी कुणाचं कसं होईल कुणाला माहीत."

"पण पुढच्या वर्षी नवं सरकार पण पासपोर्ट देणार आहे म्हणे. त्यावरही इंग्लंडला जाता येईल म्हणतात."

"म्हणतात," लाऊ वहिनी म्हणाली. "तुला व्हिसा देतो असंपण म्हणत होते ना?"

मावशी थोडा वेळ मोटारीशी खुडबुड करत राहिली. मग म्हणाली, "त्यात जन्म कुठला ते लिहावं लागतं?"

"लागतं. मी माझ्या गावाचं नाव लिहिणार. लाज कसली? सगळी रांग तसल्यांचीच असेल."

रात्री मावशी माझ्याकडे अर्ज भरून घ्यायला आली. जन्मठिकाणाचा रकाना आला तसं तिने पेनावर हात ठेवला. "ते राहू दे. तिथे गेल्यावर बघू."

शनिवारी आम्ही तिघी पहिल्या बोटीने निघालो. मी, मावशी, लाऊ वहिनी. बोट सुटायच्या आत पायऱ्यांवरून कुणीतरी हळूहळू उतरताना दिसलं. आई होती. एका हातात प्लास्टिकचं स्टूल, दुसऱ्या हातात पानात बांधलेल्या चिकट भाताची मोट आणि चहाचा थर्मास. ती आत आली आणि आमच्या मागच्या बाकावर बसली. मावशीने मान वळवली नाही.

"तू कशाला आलीस?" मी विचारलं.

"रांग मोठी आहे म्हणे. हिचे गुडघे धड नाहीत."

शहरात वान-चाईला उतरलो आणि डोळेच फिरले. इमिग्रेशनच्या उंच इमारतीपासून निघालेली रांग पादचारी पुलावरून, रस्त्याच्या कडेने, वळसे घेत पार खेळाच्या मैदानात गेली होती. हजारो माणसं. कुणी वर्तमानपत्र अंथरून बसलेलं, कुणी पोरांचा अभ्यास घेतंय, म्हातारी माणसं घरून आणलेल्या स्टुलांवर. पोलीस दोऱ्या बांधून सगळ्यांना ओळीत ठेवत होते. भांडणं नव्हती. सगळे जरा लाजल्यासारखे दिसत होते, लग्नाचं जेवण संपत आल्यावर पोचलेल्या पाहुण्यांसारखे. राणी जायला वर्ष उरलेलं आणि हे आत्ता तिची प्रजा व्हायला आलेले.

मैदानात आम्ही रांगेला लागलो. आईने स्टूल उघडून मावशीच्या मागे ठेवलं. मावशी उभीच राहिली. तासाभराने बसली.

दुपारी आईने भात वाटला. मावशीने पान सोडलं, एक घास खाल्ला, आणि समोर बघतच विचारलं, "कंदील कशाला धरला होतास? उजाडलं होतं ना? आई म्हणायची पहाटे झाली."

"पहाट कसली. मिट्ट काळोख होता," आई म्हणाली. "हिवाळा. ईशान्येचा वारा सुटला होता. आपण सोको बेटांजवळ जाळं टाकून होतो. शीड फाटलं आणि गलबत वाऱ्याबरोबर जायला लागलं. बाबांना धरता येईना. लाप-साप-मेईच्या आडोशाला कसाबसा नांगर लागला. तेवढ्यात आईला कळा सुरू झाल्या. तू पायाकडून येत होतीस."

पुढे उभा असलेला चष्मेवाला माणूस वर्तमानपत्र खाली करून ऐकू लागला. लाऊ वहिनीने खाणं थांबवलं.

"बाबा ओरडायला लागले. किनाऱ्यावर तीनचार झोपड्या होत्या. तिथून एक बाई आली. आमची ना ओळख ना पाळख. एवढ्याशा होडीतून, त्या वाऱ्यात. तिच्या कमरेला दोर बांधला होता नि तो किनाऱ्यावर तिच्या नवऱ्याने धरला होता. तिने आत हात घालून तुला वळवलं. नाळ तिनेच कापली. सकाळी आलं घालून शिजवलेली अंडी घेऊन परत आली. आपल्याकडे तिला द्यायला काही नव्हतं. मी विचारलं, तुमचं नाव काय? तर हसली नि म्हणाली, नाव घेऊन काय करशील, पोरीला सांभाळ."

आईने थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि मावशीच्या हातात दिला.

"मी पोलिसाला खोटं सांगितलं असतं गं. पण शपथ घेऊन म्हणायचं की आपण तिथे नव्हतोच, म्हणजे ती बाई आलीच नाही. ते माझ्याने होईना. तुला वाटलं मी हट्ट करते."

मावशीने चहा प्यायला. रिकामं झाकण आईकडे परत दिलं. "हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तू परात लाथाडून गेलीस."

"पाय लागला."

"लाथाडलीस."

"बरं, लाथाडली," मावशी म्हणाली. मग लाऊ वहिनीकडे वळून, "तू काय बघतेस? खा तो भात. पलीकडच्यांना असला भात कुठला मिळायला!"

"मिळतो की," लाऊ वहिनी म्हणाली. "कचऱ्याच्या शेपटाला मिळतो तसाच."

चष्मेवाला माणूस हसला. मावशी आधी रागावली आणि मग तीही हसली. आई हसली नाही, पण तिने वहिनीला आणखी एक पुडकं दिलं.

एक तरुण पत्रकार रांगेतून फिरत होता. त्याने मावशीला विचारलं, आजी, तुम्हाला आत्ता ब्रिटिश का व्हायचंय?

"नात बघायचीय."

त्याने आणखी काहीतरी मोठं विचारलं, सार्वभौमत्वाबद्दल, भविष्याबद्दल. मावशीने पुन्हा तेच उत्तर दिलं, जरा मोठ्याने, त्याला ऐकू आलं नसेल असं समजून. तो पुढे गेला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा आमचा नंबर लागला. टेबलामागच्या मुलीने अर्ज चाळला. दमली होती बिचारी. "जन्मठिकाण रिकामं आहे."

मावशीने आईकडे पाहिलं. आई दोन पावलं मागे उभी राहिली.

"लिही," मावशी मला म्हणाली. "क्वाई-शान बेट. कंसात जुनं नाव घाल."

"जुन्या नावाची गरज नाही," मुलगी म्हणाली.

"असू दे. मला हवंय."

मुलीने खांदे उडवले. मी लिहिलं. मावशीने कपाळावर आठ्या घालून सही केली. ती मच्छीमारांच्या शाळेत तीन वर्षं शिकली होती, त्यामुळे तिला नाव लिहिता यायचं. लाऊ वहिनीची सही तिच्यापेक्षा सुबक निघाली, ते तिला आवडलं नाही.

आठ-नऊ महिन्यांनी बोलावणं आलं. शपथ घ्यायची होती. राणीशी, तिच्या वारसांशी आणि त्यांच्या वारसांशी निष्ठा ठेवीन, असा मजकूर होता. चिनीत वाचून दाखवणाऱ्या बाबूला मावशीने अडवलं.

"साहेब, राणी तर पुढच्या जुलैत जाणार. निष्ठा तोवरच ठेवायची की नंतरही?"

बाबूने कागदावरून मान वर केली. "शपथेला मुदत नसते, बाई."

"मग ठीक. माझ्याकडून कमी पडणार नाही. तिच्याकडून काय होतं ते बघू."

तो हसू दाबत पुढे वाचू लागला. मावशीने उजवा हात वर करून शपथ घेतली, आणि तीन आठवड्यांत नव्या दर्जासाठी अर्ज केला. पासपोर्ट सत्त्याण्णवच्या मे महिन्यात हातात आला.

त्याच सुमारास मी आईच्या मागे लागले. तिच्याकडे तर जन्मदाखला होता. नुसता अर्ज करायचा, फोटो काढायचा. प्रत्येक वयोगटाला मुदत ठरवून दिलेली होती, आणि तिच्या गटाची संपत आली होती. ती म्हणाली, "फोटोवाल्याकडे पंखा नाही." नंतर म्हणाली, जवळ्याचा हंगाम आहे. मग मुदत गेली.

एक जुलै उजाडला तेव्हा कायद्याप्रमाणे माझी आई, हाँगकाँगच्या बंदरात जन्मलेली, नोंद झालेली, ब्रिटिश उरली नाही. आणि मावशी, जी आयुष्यात सहा-सात महिन्यांपूर्वीपर्यंत कधी ब्रिटिश नव्हती, ती राहिली. दोघी चिनी नागरिक तर होत्याच. तेही कायद्यानेच, कुणी त्यांना विचारायला आलं नव्हतं. बाहेर पाऊस होता. आम्ही टीव्हीवर झेंडा उतरताना पाहिला होता. आई शेगडीवर मासा भाजत होती.

मावशी पाय पसरून बसली आणि म्हणाली, "ताई, आजपासून तुझी माझी जात बदलली. मी विलायती झाले."

"विलायती, तो मासा उलटा कर. करपेल."

अठ्ठ्याण्णवच्या वसंतात मावशी मँचेस्टरला गेली. तिकडच्या विमानतळावरच्या माणसाने पासपोर्टचं पान उघडलं, शिक्का मारला आणि तिला जायला सांगितलं. ती हलेना. प्रश्न विचारतील म्हणून तिने उत्तरं पाठ केली होती. मागच्या माणसाने खांद्याला हात लावला तेव्हा निघाली. हे तिने मला फोनवर जरा निराश होऊन सांगितलं.

नात दोन वर्षांची होती आणि तिला बघून टेबलाखाली लपली. मावशीने दुसऱ्या दिवशी झोळीच्या फडक्याने तिला पाठीला बांधलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत कोबी चिरायला बसली. चार दिवसांत पोर पाठीवरून उतरेना. पण वाई-क्वानचं आयुष्य मावशीला वाटलं होतं तसं नव्हतं. दुकान दुपारी उघडायचं ते मध्यरात्रीनंतर बंद व्हायचं. जावई बरा होता, पण बोलायला वेळ नसे. महिन्याभराने वाई-क्वान म्हणाली, "आई, तू इथेच राहा. आता तू ब्रिटिश आहेस."

"भेटीला येण्यापुरती," मावशी म्हणाली.

"मग एवढं सगळं कशासाठी केलंस?"

"भेटीला येण्यासाठी."

दोघींचं त्यावरून वाजलं. वाई-क्वान रडली. मावशी चार महिने राहिली, नातीला होडीवाल्यांच्या बोलीतल्या सगळ्या शिव्या शिकवल्या आणि परत आली. लाऊ वहिनीसाठी बिस्किटांचा डबा आणला, आईसाठी लोकरीची टोपी. आई ती टोपी भर उन्हात घालून मासळी उलटत बसायची, डोकं खाजतं म्हणायची, आणि काढायची नाही.

त्यानंतर बरीच वर्षं त्या पासपोर्टची कुणाला आठवण झाली नाही. मावशीने नव्या सरकारचाही घेतला. आई दोन हजार नऊ साली गेली, झोपेत. पडाव कमी होत गेले. शेवटी बंदरात होडीने जाण्यासारखी माणसंच उरली नाहीत. मावशीने होडी एका माणसाला दिली, तो तिच्यावर पर्यटकांना फिरवतो. लाऊ वहिनीचा धाकटा ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिला घेऊन गेला. मावशी माझ्याकडे राहायला आली. मी निवृत्त झाले होते, आम्हाला एकमेकींची सवय होती.

दोन हजार एकवीसमध्ये लंडनने नियम बदलले. तो ओसरीवरचा पासपोर्ट ज्यांच्याकडे आहे त्यांना आता तिथे राहता येईल, काम करता येईल, पाच वर्षांनी कायमचंही होता येईल. नातीचा फोन आला. ती पंचवीस वर्षांची झाली होती, तिचं कँटोनीज धेडगुजरी होतं, शिव्या मात्र अस्खलित. तिचे वडील आदल्या वर्षी साथीत गेले होते. वाई-क्वान दुकान विकून एकटीच राहत होती.

मावशी त्र्याऐंशीची. मला वाटलं ती नाही म्हणेल. मी तसं बोलूनही दाखवलं. "या वयात कुठे जातेस? पाच वर्षं थांबावं लागेल."

"थांबेन की. नाही जमलं तर नाही. पोरगी एकटी आहे, लान."

"आणि मी?"

तिने माझा हात धरला. "तू इथली आहेस," ती म्हणाली. "तुला सोबत आहे, सगळं बेट आहे. तिला शेजारची बाईसुद्धा ओळखत नाही."

मला वाईट वाटलं, ते मी लपवलं नाही. तिनेही समजूत काढली नाही. विमानतळावर जाताना तिने एकच पिशवी घेतली. इकडच्या खिडकीवर तो ब्रिटिश पासपोर्ट आता चालत नव्हता, म्हणून तिने ओळखपत्र दाखवलं आणि आत गेली. आत जाताना वळून पाहिलं नाही, कारण सामानाच्या पट्ट्यावर बूट काढायला सांगत होते आणि तिला ते मान्य नव्हतं. तिचा आवाज मला बाहेरपर्यंत येत होता.

आता ती दर रविवारी फोन करते. तिथल्या कालव्यात लोक घरं केलेल्या बोटी बांधून ठेवतात, त्यातल्या एका म्हाताऱ्याशी तिची ओळख झाली आहे. भाषा दोघांना एकमेकांची येत नाही. त्याला दोराची गाठ नीट मारता येत नव्हती, ती तिने मारून दिली. गुडघे दुखतात म्हणते. वाई-क्वान आता स्वयंपाक बरा करते, पण मीठ कमी घालते म्हणते. आणि विचारते, धक्क्यावर मुळा काय भावाने आहे?